मूळ रूपात

सकाळी नऊ वाजता काशिफानं खुर्चीचे दोन फोटो फोनवरून जगजाहीर केले, एक आधीचा आणि एक नंतरचा, आणि अकराच्या सुमारास बोर्लीहून आफराचा फोन आला. आफरा म्हणजे तिच्या चुलतभावाची बायको, अम्मीची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. "आपा, चाची फजरपासून त्या खुर्चीतच होत्या. नमाजला बसल्या त्या, मंग उठताच आला न्हाय त्यांना. आत्ता मी सालन द्यायला गेले तवा दिसल्या." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "कपडे बदलले मी त्यांचे. तुला सांगितला म्हणून बोलू नको हां." काशिफा पनवेलच्या वर्कशॉपमध्ये लाकडाच्या भुशात उभी होती. फोन कानाला असतानाच त्यातून टिंग टिंग चाललं होतं. लोक लाल बदाम पाठवत होते. नंतर तिनं पाहिलं तेव्हा सहाशेच्या वर गेले होते. फजरला सहा धरले तर साडेदहापर्यंत साडेचार तास होतात, हा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला, आणि त्यातला दीड तास आपण त्याच खुर्चीबद्दल अनोळखी माणसांना थँक्यू थँक्यू लिहीत होतो, हेही त्याच हिशेबात आलं. तिनं गाडीची चावी उचलली आणि मिस्त्रीला नुसतं "घरी जाते" एवढं सांगितलं.

खरं तर उलव्याचा फ्लॅट तिचं घर होतं, पण तोंडून निघालं ते हेच. पेणच्या पुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा तिनं स्वतःला समजावून पाहिलं की खुर्चीचा काय दोष, अम्मीचे गुडघे गेलेत, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. समजावणं पेण ते पोयनाड एवढंच टिकलं. गेली बारा वर्षं ती जुनं फर्निचर शोधून, दुरुस्त करून अलिबागकडच्या बंगल्यांना पुरवत होती. मुंबईची पैसेवाली माणसं नारळाच्या वाड्या घेऊन तिथं बंगले बांधतात, आणि बंगला बांधून झाला की त्यांना त्यात पन्नास-साठ सालातली खुर्ची लागते. आपल्या आजोबांच्या घरात जी असती तर त्यांनी कधीच भंगारवाल्याला दिली असती, तीच आता हवी असते. काशिफाला हसू यायचं, पण ती त्यांना नावं ठेवत नसे, कारण तिला स्वतःला ते वेड त्यांच्याआधी लागलं होतं. बारीक होत गेलेले पाय, खालून दिसणारी फरशी, कुठं नक्षी नाही, कुठं सोनेरी मुलामा नाही. दोन लाकडं जिथं भेटतात तिथं सुतारानं काही झाकलेलं नाही. सत्तर वर्षं झाली, किती फॅशनी आल्या आणि गेल्या, ही खुर्ची कुठल्याही खोलीत ठेवा, खोली दोन पावलं मागं सरून तिला जागा देते. गिऱ्हाइकांना ती हेच सांगायची आणि सांगताना तिचा गळा थोडा भरून यायचा. गिऱ्हाइकांना वाटे, बाई धंद्यात मुरलेली आहे.

भरून यायचं कारण अब्बा होते. तिचे वडील नजमुद्दीन तीस वर्षं परदेशी कंपनीच्या मालवाहू जहाजांवर बटलर होते. एकदा एका जहाजाच्या अधिकाऱ्यांच्या दिवाणखान्यातलं जुनं सामान काढून नवं घालायचं ठरलं, आणि कप्तानानं यांना विचारलं, तुला काय हवं? बरोबरच्या लोकांनी गालिचे घेतले, घड्याळं घेतली. अब्बांनी खुर्ची घेतली. डेन्मार्कात बनलेली, सागाची, पाठीला वेताची वीण, हातांना मासळीच्या पोटासारखा गुळगुळीत उतार. ती मुंबईच्या गोदीपासून लाँचनं दिघीला आणि दिघीहून बैलगाडीनं बोर्लीला आली तेव्हा गाव बघायला जमलं होतं आणि गाव हसलं होतं. एवढ्या लांबून आणली आणि गादीसुद्धा नीट नाही! पुढे आखाताचा पैसा आला, घराघरात मखमली सोफे आले, काचेची कपाटं आली, त्यांच्याही घरात भावानं कुवेतहून पैसे पाठवून असला एक सोफा बसवला. त्या झगमगाटात ती खुर्ची खिडकीशी गप्प उभी असायची. अब्बा दहा महिने दर्यावर आणि दोन महिने त्या खुर्चीत. उरलेल्या दहा महिन्यांत तिच्यावर कोणी बसत नसे. कोणी मना केलं नव्हतं, तरी नसे. लहानपणी काशिफा तिच्या दांडीवर नाक टेकवून वास घ्यायची. तिला वडील म्हणजे आधी तो वास आठवे, तेलाचा, तंबाखूचा, मग चेहरा आठवे. शाळेत बाईंनी वडिलांवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा तिनं खुर्चीवर लिहिला होता आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवून सगळ्यांना हसवलं होतं.

आगरदांड्याला गाड्या खाडीपार नेणारी जंगल जेट्टी पकडायला अर्धा तास थांबावं लागलं. गाडीच्या पुढे बर्फाचा टेम्पो होता, त्यातून पाणी गळत होतं. तिनं काच खाली केली आणि सुकटीचा वास आत आला. इथं तिला खुर्चीखालचे ठोकळे आठवले, म्हणजे सकाळपासून आठवतच होते, पण इथं ते टाळायला पुढे रस्ता नव्हता. अब्बा वारले ते २०२० च्या फेब्रुवारीत. तिसऱ्या दिवशीची जियारत झाल्यावर ती उलव्याला परतली, महिन्याभरात सगळं बंद झालं, आणि जूनमध्ये निसर्ग वादळ आलं. वाट मोकळी होऊन ती बोर्लीला पोचली तोवर ऑगस्ट उजाडला होता. सुपारीची बाग आडवी होती, घरावर नवे पत्रे होते, भिंतींना गुडघाभर ओल होती, आणि अब्बांच्या खुर्चीच्या चारही पायांखाली लाकडाचे चार बेढब ठोकळे होते, पुढचे दोन लहान, मागचे दोन चांगले चार बोटं उंच. खिळे दिसत होते. तिला वाटलं, पाणी घरात शिरलं तेव्हा कोणीतरी घाईघाईनं खुर्ची उंच केली असणार, आणि जमीन एकसारखी नाही म्हणून ठोकळे कमीजास्त. तिनं कोणाला विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात ती फरशीची ओल बघून खुर्चीचा इतिहास सांगायची, आणि आपल्या घरात मात्र एक प्रश्न तिच्या तोंडून निघाला नाही. त्या ठोकळ्यांकडे पाहिलं की तिला कसंतरी व्हायचं, कोणी अब्बांना दुसऱ्याचे बूट घालून बसवलंय असं. अम्मी त्या खुर्चीवर बसून नमाज पढते हे तिला ठाऊक होतं. गुडघे वाकत नाहीत त्या सगळ्याच बाया खुर्चीवर पढतात. खुर्ची काय, कुठलीही चालते, असं तिनं धरलं.

आणि नागावच्या बंगल्यातल्या गिऱ्हाईक मॅडम होत्याच. त्यांच्याकडे अशीच एक खुर्ची होती, त्यांना जोडी हवी होती. काशिफानं आपल्या घरच्या खुर्चीचा फोटो त्यांना दाखवला तो नुसता दाखवायला म्हणून, असं ती स्वतःशी म्हणाली. मॅडमनी विचारलं, कोणी वापरतं का? हिनं लिहिलं, आई आता फारशी वापरत नाही. ते लिहिताना बोट अडखळलं होतं, हे तिला आता जेट्टीवर बर्फाचं पाणी बघताना स्पष्ट आठवलं. मग अम्मीला फोन केला, खुर्ची पॉलिश करून आणते. अम्मी म्हणाली, "आण की." पॉलिशचं नाव पुढे करून तिनं ती पनवेलला नेली, ठोकळे उपसले, खिळ्यांची भोकं भरली, वेत नवा विणला, पाय पुन्हा घासून मूळ माप, मूळ उतार. ठोकळे तिथल्या मिस्त्रीनं शेकोटीत टाकले. काल दुपारी तिनं ती टेम्पोनं बोर्लीला पाठवली, ती रात्री उशिरा पोचली; शुक्रवारी जाऊन खिडकीशी फोटो काढायचे, घरचे, खरे, आणि मग बघू पुढे काय ते. त्या बघूमध्ये काय दडलं होतं ते तिला नीट माहीत होतं. जेट्टी लागली, बर्फाचा टेम्पो पुढे सरकला, आणि मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तेव्हा ती भानावर आली.

बोर्लीच्या घराच्या पडवीत खुर्ची पालथी घातलेली होती आणि तिच्यापुढे भरडखोलचा चंदर मिस्त्री उकिडवा बसला होता. चंदर होड्या बांधणारा, सत्तरीचा, वादळानंतर अर्ध्या बोर्लीचे वासे त्यानं उभे केले होते. त्यानं काशिफाकडे पाहिलं, मग खुर्चीच्या पायांवरून अंगठा फिरवला.

"काम बेस झालाय बाय," तो म्हणाला. "भोका कुठं व्हती ते मना पन गावत न्हाय. भाभींनी बोलावला मना, पन माझं ठोकलं कुठं हायत?"

"तुमचे?"

"मंग कुनाचे? सुकाणूचा साग व्हता त्यो. एका होडीचं सुकाणू वादळात मोडला, त्याचं काढलं व्हतं मी. भाभींच्या मापाचं."

काशिफा पायरीवर बसली. "पाणी आलेलं म्हणून लावले ना ते?"

चंदर हसला, आणि मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. "पानी? पानी त्याच्या आदीच उतारला व्हता. मी पत्रं घालाय आलो व्हतो तवा भाभी तुमचं अब्बा गेल्यावरच्या इद्दतीत व्हत्या. तुमच्यात बाहेरच्या गड्यासमोर येत न्हाईत तवा. आतल्या दारावर चादर बांधलेली. चादरीच्या आडून मना म्हनाल्या, चंदर, या खुर्चीत बसली का मी मागं जाते, पुढं वाकताच येत न्हाय, रुकू व्हत न्हाय आनि उठाय पन व्हत न्हाय. कायतरी कर. मी म्हनालो, भाभी, माप कसा घेऊ? तर त्यांनी टाचेपासून गुडघ्यापर्यंत दोरा धरला, गाठ मारली आनि चादरीखालनं सरकवला. तीन खेपा केल्या मी. मी ठोकलं बसवायचा, त्या आत नेऊन बसून बघायच्या आनि खुर्ची परत भायेर. मागचा अर्धा बोट उतरव, म्हनाल्या. उतरवला. माझा बेढब काम, मना म्हाईत हाय. पन माप बराबर व्हता."

काशिफानं ठोकळ्यांचे खिळे बघितले होते, रंग बघितला होता, कोनाचा बेढबपणा बघितला होता. मागचे उंच आणि पुढचे ठेंगणे का, हा प्रश्न समोरून आला असता तर तिच्या वर्कशॉपच्या पोरानंसुद्धा उत्तर दिलं असतं की बैठक सरळ करायला. कारखान्यात कधीकाळी एका अनोळखी माणसानं काढलेला उतार तिला पवित्र वाटला होता, कारण तो मूळचा होता. आणि चादरीआडून सरकवलेला दोरा? तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. तिला आपली भयंकर लाज वाटली. "जाळले," ती म्हणाली. चंदरनं मान हलवली, रागानं नव्हे, एखाद्या होडीचं काम हातचं गेलं की हलवतात तशी.

आत अम्मी पलंगावर बसली होती, केस नुकतेच धुतलेले, स्वच्छ झगा, पाय सरळ पुढे. काशिफा जवळ गेली तसं तिनं विचारलं, "जेवलीस काय?" काशिफा नाही म्हणाली. पलंगाशेजारच्या स्टुलावर मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, खुर्चीपासून पाच-सहा पावलांवर.

"हाक मारायची होतीस अम्मी. आफरा भिंतीपलीकडंच हाय."

"मारली. पहिल्यांदा मारली. तिकडं मिक्सर चालू व्हता. मंग गल्लीत मासळीवाले आले, शाळेची रिक्षा आली, बाप्या माणसांचे आवाज. कसा मारू हाक? उठाय येत न्हाय म्हणून वरडू?" तिनं झगा गुडघ्यावर सारखा केला. "वुजू गेला, अंग पाक ऱ्हायला न्हाय. त्याच्या आदीच नमाजच्या रकाती झाल्या व्हत्या, अल्लाचा शुकर हाय. बाकी मी बसून दरूद पढत व्हते. खिडकीतला ऊन माझ्या पायावर आला आनि गेला पन."

काशिफानं तिचे पाय धरले. अम्मीनं ते ओढून घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही.

"विकायची व्हती?" अम्मीनं विचारलं.

काशिफाला वाटलं होतं की हा प्रश्न आला तर आपण काहीतरी मधलं बोलू. "व्हय," ती म्हणाली.

"मना विचारायचा व्हता."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. तो माझा हक हाय." अम्मीचा आवाज चढला नव्हता, तिनं आयुष्यात कधी चढवला नव्हता, आणि त्यामुळेच ऐकणाऱ्याची पळायची वाट बंद व्हायची. "चाळीस वरसा मी त्या खुर्चीच्या पायाशी खाली बसले. कोलीम-सुकट निवडली, तुमची डोकी विंचरली, त्यांचा कप खालून वर दिला. ते दर्यावर असले तरी बसले न्हाय. कोणी सांगितला नव्हता, बसवतच नव्हता. ते गेले, मंग इद्दतीत एक दिवस बसले, तर ती मना मागं ढकलाय लागली. म्हणून चंदरला सांगितला. ठोकळे लागले तवा ती माझी झाली. सहा वरसा माझी व्हती." ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तू परत त्यांची केलीस."

काशिफा रडली नाही. रडणं बरं पडलं असतं. तिला निबंध आठवला, खुर्चीवरचा, त्यात अब्बा होते, जहाज होतं, डेन्मार्क होतं, आणि खाली फरशीवर बसलेली बाई तिनं लिहिलीच नव्हती. पुढे कधीच लिहिली नव्हती. गिऱ्हाइकांना सांगायच्या त्या गळा भरून आणणाऱ्या गोष्टीतसुद्धा ती नव्हती. बारीक पायांमधून फरशी दिसते म्हणून आपण वाखाणतो, आणि त्या फरशीवर बसलेलं माणूस आपल्याला दिसलं नाही. एवढी वर्षं नजर तयार केली ती कशासाठी, असं तिला वाटलं, आणि दिव्याखालचा अंधार म्हणतात तो आपल्याच घरात निघावा याचा तिला रागही आला. राग कोणावर काढायचा ते कळेना. चंदरनं बाहेरून हाक मारली, माप लागेल म्हणून.

दोरा काशिफानंच धरला. अम्मीनं झग्याची कड वर केली आणि पाय पुढे दिला. टाच भेगाळलेली होती, नडगी अगदी कोरडी, गुडघा सुजून गोल झालेला. आईचा पाय इतक्या जवळून आपण कधी पाहिलाच नव्हता. तिनं गाठ मारली आणि दोरा बाहेर नेला. चंदरनं तो आपल्या वितीवर ताणून बघितला. "तवाच्यापेक्षा बोटभर कमी हाय," तो म्हणाला. "वय झाला का मानूस जमिनीकडं सरकतो." मग त्यानं परसातल्या मोडक्या चौकटीचा साग कापून चार ठोकळे केले, त्यांना पायाएवढी खोबण केली, आणि गिरमिट हातात घेऊन काशिफाकडे पाहिलं. "खिळं नको आता, आरपार खुंटी घालतो. पन पायाला भोक पडंल."

"पाडा."

"तुमचा पालिश..."

"पाडा, चंदरकाका."

तिनं पाय दोन्ही हातांनी धरला आणि चंदर गिरमिट फिरवू लागला. पॉलिशचा पापुद्रा फुटला, लाल भुसा तिच्या मनगटावर पडला, सागाचा वास सुटला. खिशात फोन थरथरला. मॅडमच असणार, शुक्रवारचं विचारायला. प्रत्येक वळशाला तिला कळ येत होती, आणि ती कळ लाकडासाठी होती, अजूनही लाकडासाठी, हे तिला कळत होतं. अम्मीच्या साडेचार तासांसाठी एवढी स्वच्छ कळ उठली नव्हती, तिथं नुसतं ओझं होतं, लाज होती. माणूस असा कसा घडतो? तिनं पाय अधिक घट्ट धरला. चार भोकं झाली. खुंट्या ठोकून चंदरनं खुर्ची उभी केली तेव्हा ती पुन्हा तशीच झाली होती, बेढब, पुढे झुकलेली, कोणाच्याही बंगल्यात शोभणार नाही अशी.

तिसऱ्या प्रहरची, असरची अजान होऊन गेली होती. चंदर हातपाय धुवायला विहिरीकडे गेला. काशिफानं खुर्ची आत आणून किबल्याच्या, मक्केच्या दिशेला तोंड करून ठेवली. अम्मी हात-तोंड धुऊन, वुजू करून काठी टेकत आली, खुर्चीच्या हातावर पंजा ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. आजवर तिला नमाजला शेजारी कोणी लागत नसे, उलट कोणी खोलीत असलं तर ती त्याला बाहेर घालवायची.

"तू इथंच थांब," ती म्हणाली. "आता मना भरवसा न्हाय."

काशिफा डाव्या बाजूला उभी राहिली. अम्मी बसली. पाठ सरळ राहिली. रुकूला ती पुढे वाकली आणि वर आली, सजद्याला आणखी खाली वाकली, आणि प्रत्येक वेळी काशिफाची नजर मागच्या ठोकळ्यांवर गेली. चार रकाती इतक्या लांब असतात हे तिला ठाऊक नव्हतं. शेवटी अम्मीनं उजवीकडे सलाम फेरला, मग डावीकडे, काशिफा होती त्या बाजूला, पण तिची नजर खांद्यावरच होती, वर आली नाही. मग हात उचलून तिनं दुआ मागितली, बराच वेळ मागितली, ओठ हलत होते पण शब्द ऐकू येत नव्हते.

दुआ संपली तसं काशिफानं आपला हात पुढे केला. अम्मीनं तो पाहिला. तिनं दोन्ही पंजे खुर्चीच्या हातांवर टेकले, मान थोडी पुढे काढली, आणि एका दमात, कोणाला न धरता, उभी राहिली. मग ती काठी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि आतून तिनं विचारलं, चंदर चहात साखर घेतो ना अजून? काशिफा हो म्हणाली. तिचा हात तसाच पुढे होता.